धूर दोन, फुप्फुस एक



ज्या शाळेत मी मुळाक्षरे गिरविली, त्याच शाळेच्या सभागृहात व्याख्याता म्हणून उभे राहताना मनात आनंदापेक्षा संकोचच अधिक आहे. ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या आपल्या विज्ञानाच्या सरांनी मला आठवीपासून अकरावीपर्यंत शिकविले. त्यांचा एक प्रयोग जुन्या विद्यार्थ्यांना खचितच आठवत असेल. पाण्याने भरलेल्या बाटलीच्या बुचात काचेची नळी बसवून तिच्या बाहेरच्या टोकाला ते पेटती विडी लावीत, नळीत पांढराशुभ्र कापूस भरीत आणि बाटलीच्या तळाजवळचे छिद्र मोकळे करीत. पाणी वाहू लागले, की बाटली जणू विडी ओढू लागे. चारपाच विड्या संपेपर्यंत कापूस तपकिरी आणि चिकट होई. वर्गात एकच गलका उठे, आणि कोणीतरी ओरडे, "सर, विडीने कॅन्सर होतो!"

सर शांतपणे म्हणत, "कापूस तपकिरी झाला, हे निरीक्षण. विडीने रोग होतो, हे अनुमान. ते खरे असेल. पण या बाटलीने ते सिद्ध केलेले नाही. त्यासाठी वेगळा पुरावा आणा." प्रयोगवहीत निरीक्षणाच्या रकान्यात अनुमान लिहिले, की ते गुण कापीत. त्या वेळी मला तो निव्वळ शिस्तीचा भाग वाटे. छातीच्या विकारांचा डॉक्टर म्हणून पस्तीसहून अधिक वर्षे काढल्यावर, आणि ती चूक स्वतः एकदा करून बसल्यावर, त्यातील मर्म मला उमगले. आजच्या विषयाची निवड त्या चुकीतून झाली आहे.

सुमारे दहा वर्षांपूर्वी एक गृहस्थ आपल्या मुलाला घेऊन माझ्याकडे आले. मुलगा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला, हुशार आणि थोडा अबोल. वसतिगृहात राहू लागल्यापासून तो गांजा ओढू लागला होता आणि घरी ते कळले होते. वडिलांना बाहेर बसवून मी त्याच्याशी बोललो. त्याने विचारले, "डॉक्टरकाका, गांजा सिगरेटीपेक्षा वाईट का? मित्र तर म्हणतात, तो झाडपाल्याचा, नैसर्गिक. त्याने फुप्फुसाला काही होत नाही." मी त्याला तत्काळ उत्तर दिले, "गांजाची एक सिगरेट तंबाखूच्या वीस सिगरेटींच्या बरोबरीची. असेच चालू ठेवलेस, तर फुप्फुसाचा कर्करोग ठरलेला." हेतू चांगला होता. पोराला भीती वाटावी, एवढेच मनात होते. मात्र त्या वाक्याला माझ्याजवळ पुरावा नव्हता. अनुमान मी निरीक्षणाच्या रकान्यात लिहून मोकळा झालो होतो. त्याचे पुढे काय झाले ते शेवटी सांगेन. आधी, त्या दिवशी मी त्याला जे सांगावयास हवे होते ते आज आपणांपुढे मांडतो.

दोन वनस्पती, दोन इतिहास

भांगेचे झाड आपल्या देशाला फार प्राचीन काळापासून परिचित आहे. गोव्यात स्थायिक झालेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ मध्ये गोव्यातच छापलेल्या आपल्या औषधिविषयक ग्रंथात भांगेवर एक संवाद लिहिला आहे, आणि त्यात ती खाण्याच्या मिश्रणांत घातली जाते असे वर्णन येते. तंबाखू मात्र अमेरिकेतून पोर्तुगिजांबरोबर आली. सतराव्या शतकाच्या अगदी आरंभी असद बेगाने ती विजापुराहून अकबराच्या दरबारी नेल्याची हकीकत प्रसिद्ध आहे. पुढे दोहोंचा मिलाफ चिलमीत झाला आणि आजतागायत तो टिकून आहे.

आपल्या माळव्याच्या शेजारी निमाडात, खांडव्याच्या परिसरात, इंग्रजी अमदानीत सरकारी देखरेखीखाली गांजाची लागवड होत असे. १८९३ मध्ये नेमलेल्या भारतीय भांग-गांजा आयोगाने देशभर हिंडून अकराशेहून अधिक साक्षी नोंदविल्या आणि १८९४ मध्ये आपला प्रचंड अहवाल सादर केला. गांजाने आमांश, श्वासनलिकादाह आणि दमा होतो, या समजुतीचीही त्यात तपासणी आहे. मर्यादित सेवनाने सहसा इजा होत नाही, अतिरेकाने होते, असा आयोगाच्या निष्कर्षाचा एकंदर रोख होता. म्हणजे आजचा आपला प्रश्न आपल्या पणजोबांच्या काळीही विचारला जात होता.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. भांग म्हणजे पाने, ती वाटून पितात. गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे, आणि चरस म्हणजे त्याची राळ. ही दोन्ही ओढतात. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यानेही हा भेद मानला आहे. गांजा आणि चरस त्याच्या कक्षेत येतात, तर नुसती पाने येत नाहीत. शिवरात्रीला किंवा होळीला प्यायलेली भांग पोटात जाते, फुप्फुसात जात नाही. तिची नशा, तिचे मनावरील परिणाम हा निराळा विषय आहे. आज आपण केवळ धुराचा विचार करीत आहोत.

फुप्फुसाची रचना

आपली श्वासनलिका छातीत शिरल्यावर दोन फाट्यांत विभागते, प्रत्येक फाट्याला पुन्हा दोन, असे सुमारे तेवीस वेळा विभाजन होऊन अखेर ती सूक्ष्म वायुकोशांत संपते. वायुकोशांची संख्या काही कोटींत भरते, आणि ते सारे उलगडून पसरले तर बॅडमिंटनचे मैदान जवळजवळ झाकले जाईल. एवढ्या पातळ आणि विस्तीर्ण पडद्यावर रक्त आणि हवा यांची भेट होते. वरच्या नळ्यांच्या आतल्या अस्तरावर डोळ्यांना न दिसणारी लव असते. ती अखंड हलत राहून धूळ आणि जंतू अडकलेला चिकट स्राव घशाकडे ढकलीत असते. त्याखेरीज वायुकोशांत भक्षक पेशी गस्त घालतात आणि जंतू गिळून टाकतात. झाडूवाला आणि पहारेकरी, दोघेही निसर्गाने दिले आहेत. धूर त्या दोघांवरही घाला घालतो.

दोन धुरांत साम्य कोणते?

कोणतीही वाळलेली वनस्पती जाळली, की तिच्यातून डांबरासारखा चिकट पदार्थ, कार्बन मोनॉक्साइड, अमोनिया, हायड्रोजन सायनाइड आणि कर्करोगाला कारण होऊ शकणारी अनेक संयुगे बाहेर पडतात. वनस्पती नैसर्गिक असली म्हणून तिचा धूर सात्त्विक होत नाही. तंबाखूही शेतातच उगवते. २००८ मध्ये कॅनडातील संशोधकांनी दोन्ही धूर यंत्राने ओढून मोजले, तेव्हा गांजाच्या धुरात अमोनिया तंबाखूच्या सुमारे वीस पट आढळला, तर हायड्रोजन सायनाइड आणि नायट्रोजनची ऑक्साइडे तीन ते पाच पट भरली.

मोठा फरक आहे तो दोन द्रव्यांचा. तंबाखूत निकोटिन आहे, गांजात नाही. गांजात टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल, म्हणजे संक्षेपाने टीएचसी, हे मादक द्रव्य आहे. १९६४ मध्ये इस्राएलमध्ये गाओनी आणि मेखूलाम यांनी ते शुद्ध रूपात वेगळे करून त्याची रचना निश्चित केली. निकोटिन आणि त्याच्या भाईबंदांपासून तंबाखूत काही विशिष्ट नायट्रोसामाइने तयार होतात. ती अत्यंत घातक असून गांजाच्या धुरात ती नसतात. अर्थात, गांजात तंबाखू मिसळली नसेल तर.

ओढण्याची रीत

केवळ धुराचे रसायन पाहून भागत नाही, तो कसा ओढला जातो हेही पाहावे लागते. अमेरिकेतील डॉ. डोनाल्ड टॅश्किन यांनी अनेक दशके गांजाच्या धुराचा अभ्यास केला आहे. १९८८ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पंधरा पुरुषांवर केलेले मोजमाप प्रसिद्ध झाले. हे लोक दोन्ही पदार्थ ओढणारे होते. गांजा ओढताना त्यांचा झुरका तंबाखूच्या झुरक्यापेक्षा दोन तृतीयांशाने मोठा होता, श्वास अधिक खोल होता आणि धूर छातीत कोंडून धरण्याचा अवधी चौपट होता. परिणामी, एक गांजाची सिगरेट ओढल्यावर फुप्फुसात शिरलेले डांबर सुमारे तिप्पट भरले, शिरलेल्या डांबरापैकी आत राहून जाणारा अंशही एक तृतीयांशाने अधिक होता आणि रक्तातील कार्बन मोनॉक्साइडची वाढ जवळजवळ पाचपट होती.

एका सिगरेटीची तुलना एका सिगरेटीशी केली, तर गांजाचा भार निःसंशय अधिक आहे. माझ्यासारखे डॉक्टर घाई करतात ते येथेच. तंबाखूचा व्यसनी दिवसाला वीस सिगरेटी ओढतो, म्हणजे वर्षाला सात हजारांहून अधिक. निकोटिन त्याला दर तासाला हाक मारते. गांजा ओढणारा बहुधा दिवसातून एकदा किंवा दोनदा, कित्येकदा आठवड्यातून एकदा ओढतो. एका विडीचे विष आणि आयुष्यभराचे विष यांचे हिशेब वेगळे मांडावे लागतात.

खोकला आणि कफ

मोठ्या श्वासनलिकांच्या बाबतीत दोन्ही धुरांचे परिणाम जवळजवळ सारखेच आहेत. नियमित गांजा ओढणाऱ्यांच्या श्वासनलिकांतून सूक्ष्म तुकडे काढून तपासले असता लव नाहीशी झालेली, चिकट स्राव करणाऱ्या पेशी वाढलेल्या आणि अस्तर बदललेले दिसते. तंबाखू ओढणाऱ्यांतही हेच दिसते, आणि दोन्ही ओढणाऱ्यांत बदल अधिक आढळतात. सकाळचा खोकला, बेडका, छातीतली घरघर ही लक्षणे त्यातूनच उद्भवतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २०१७ मध्ये सर्व उपलब्ध संशोधनाचा धांडोळा घेऊन जो अहवाल काढला, त्यात दीर्घकाळ गांजा ओढणे आणि श्वसनाच्या तक्रारी व जुनाट खोकल्याचे वारंवार येणारे झटके यांच्या संबंधाला भरीव पुरावा आहे, असे नमूद केले आहे. समाधानाची बाब अशी, की गांजा सोडल्यावर ही लक्षणे पुष्कळशी ओसरतात, असे न्यूझीलंडमधील अभ्यासात दिसून आले आहे.

गांजा ओढल्यावर काही काळ श्वासनलिका रुंदावतात, कारण टीएचसीमध्ये तो गुण आहे. १९७०च्या दशकात हे प्रयोगांनी दाखविले गेले. पूर्वी दम्यासाठी गांजा घातलेल्या सिगरेटी विकल्या जात, त्याचे कारणही हेच असावे. परंतु हा आराम तात्पुरता असतो, आणि धुराची दाहकता मागे उरते. दम्याच्या रुग्णाने या मोहात पडू नये.

श्वासाची ताकद

आता तुलनेतील सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत अनपेक्षित भाग. पूर्ण श्वास घेऊन जोराने फुंकर मारली असता पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते, यावरून आम्ही फुप्फुसाची ताकद मोजतो. तंबाखूने ही हवा वर्षानुवर्षे घटत जाते. जेवढी अधिक तंबाखू, तेवढी अधिक घट, हे नाते अगदी सरळ आहे. आपल्याकडे ज्याला सीओपीडी म्हणतात, त्या दम कोंडणाऱ्या रोगाचे एक प्रमुख कारण धूम्रपान हेच आहे.

गांजाचे तसे नाही. २०१२ मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पाच हजारांहून अधिक तरुण स्त्री-पुरुषांची फुप्फुसे वीस वर्षे वेळोवेळी मोजली गेली होती. तंबाखू ओढणाऱ्यांची ताकद अपेक्षेप्रमाणे घटली. अधूनमधून गांजा ओढणाऱ्यांची घटली नाही. उलट किंचित अधिक भरली. दररोज एक याप्रमाणे सात वर्षे ओढण्याइतक्या मात्रेपर्यंत घट दिसली नाही. त्यापलीकडे, अतिसेवनाच्या टोकाला, घसरणीची शंका येऊ लागली. मला हा निष्कर्ष प्रथम वाचताना अस्वस्थ वाटले, हे मी लपवीत नाही. तथापि, आपल्या मताला न पटणारे निरीक्षण पुसून टाकण्याची मुभा सरांच्या वर्गात कोणालाच नव्हती.

मग गांजा निर्दोष ठरतो काय? नाही. न्यूझीलंडमधील ड्युनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या हजारभर मुलांचा अभ्यास आजही चालू आहे. ती माणसे पंचेचाळीस वर्षांची झाल्यावर केलेल्या तपासणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. गांजा ओढणाऱ्यांची फुप्फुसे प्रमाणाबाहेर फुगलेली होती, मोठ्या नळ्यांतून हवा जाण्यास अडथळा वाढला होता आणि वायुकोशांतून रक्तात वायू जाण्याची क्षमता कमी भरत होती. सारांश, तंबाखूची इजा आणि गांजाची इजा यांचे नमुने निरनिराळे आहेत. एका मापाने मोजून गांजा सुटला, म्हणून तो सर्वच मापांनी सुटत नाही.

हवेचे फुगे

तंबाखूने वायुकोशांच्या भिंती झिजून एम्फिसीमा होतो, हे सर्वज्ञात आहे. गांजाच्या बाबतीत २००७ मधील न्यूझीलंडच्या अभ्यासात केवळ गांजा ओढणाऱ्यांत एम्फिसीमा क्वचितच दिसला. मात्र हवेच्या अडथळ्याच्या मापाने एक गांजाची सिगरेट तंबाखूच्या अडीच ते पाच सिगरेटींच्या बरोबरीची ठरली. माझ्या त्या "वीस" या आकड्याचा पत्ता मला कोठेच लागला नाही.

कॅनडातील ओटावा येथे २०२२ मध्ये सीटी स्कॅनच्या चित्रांची तुलना करण्यात आली. गांजा ओढणाऱ्या ५६ जणांपैकी ७५ टक्के, केवळ तंबाखू ओढणाऱ्या ३३ जणांपैकी ६७ टक्के आणि काहीही न ओढणाऱ्या ५७ जणांपैकी ५ टक्के लोकांत एम्फिसीमा आढळला. फुप्फुसाच्या कडेला होणारा प्रकार गांजा ओढणाऱ्यांत विशेष दिसला. येथेही सावध राहावयास हवे. संख्या लहान आहे आणि गांजा ओढणाऱ्यांपैकी बरेच जण तंबाखूही ओढणारे होते. तरीही, तरुण गांजा ओढणाऱ्यांच्या फुप्फुसाच्या शेंड्याला हवेचे मोठे फुगे होऊन ते फुटल्याची प्रकरणे निरनिराळ्या देशांतील डॉक्टरांनी नोंदविली आहेत. खोल श्वास घेऊन धूर कोंडून धरण्याच्या रीतीचा त्याच्याशी संबंध असावा, असे अनेकांचे मत आहे. हे मत अनुमानाच्या रकान्यातले आहे, हेही सांगून ठेवतो.

कर्करोग

तंबाखू आणि कर्करोग यांच्या नात्याबद्दल आता वाद उरलेला नाही. १९५० मध्ये रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी लंडनच्या रुग्णालयांतील रोग्यांची तुलना करून हा संबंध दाखविला. १९५१ पासून त्यांनी चौतीस हजारांहून अधिक ब्रिटिश पुरुष डॉक्टरांचा पाठपुरावा आरंभिला, आणि पन्नास वर्षांनी, २००४ मध्ये, निष्कर्ष आला, की आयुष्यभर सिगरेट ओढणारा सरासरी दहा वर्षे आधी मरतो. तिशीत सोडली तर ती दहाही वर्षे जवळजवळ परत मिळतात, साठीत सोडली तरी तीन मिळतात. सिगरेट ओढणाऱ्याला फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका न ओढणाऱ्याच्या पंधरा ते तीस पट असतो.

गांजाबाबत असे ठाम उत्तर मिळालेले नाही. धुरात कर्करोगकारक द्रव्ये आहेत आणि अस्तरातील बदलही शंका वाढविणारे आहेत. तथापि टॅश्किन यांच्या गटाने २००६ मध्ये लॉस एंजेलिस येथील रुग्णांची तुलना केली, तेव्हा गांजामुळे धोका वाढल्याचे दिसले नाही. २००८ मधील न्यूझीलंडच्या छोट्या अभ्यासात अतिसेवन करणाऱ्यांत धोका वाढलेला दिसला. स्वीडनमध्ये सैन्यभरतीच्या वेळी माहिती घेतलेल्या एकोणपन्नास हजार तरुणांचा चाळीस वर्षांनी धांडोळा घेतला, तेव्हा पन्नासहून अधिक वेळा गांजा ओढल्याचे सांगणाऱ्यांत धोका दुप्पट भरला. हा निष्कर्ष २०१३ चा. २०१५ मध्ये अनेक देशांतील दोन हजारांहून अधिक रुग्णांची माहिती एकत्र केली असता संबंधाला फारसा आधार मिळाला नाही. अशा परिस्थितीत गांजाने फुप्फुसाचा कर्करोग होतोच, असे म्हणणे सत्याला धरून नाही. आणि होतच नाही, असे म्हणणेही धाडसाचे ठरेल. केवळ गांजा आणि तोही वर्षानुवर्षे भरपूर ओढणारी माणसे संशोधकांना फार थोडी सापडतात, आणि बेकायदा वस्तूचे सेवन कोण मोकळेपणाने सांगेल?

क्षय आणि इतर संसर्ग

आपल्या देशात फुप्फुसाचा विचार क्षयाला वगळून करता येत नाही. चेन्नई परिसरातील मृत्यूंचा मोठा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. क्षयाने मरण्याचा धोका धूम्रपान करणाऱ्या पुरुषांत सुमारे चौपट असल्याचे त्यात दिसले. गांजाविषयी एवढ्या मोठ्या प्रमाणावरचा पुरावा नाही. परंतु गांजा ओढणाऱ्यांच्या वायुकोशांतील भक्षक पेशी जंतू गिळण्यात आणि मारण्यात मंदावलेल्या असतात, हे प्रयोगशाळेत दिसलेले आहे. त्यात आपल्याकडील रीत अशी, की बंद खोलीत कोंडाळे करून बसायचे आणि एकच चिलीम हातोहात फिरवायची. त्यातील एकाला क्षय असेल आणि तो खोकत असेल, तर तेथील हवेत काय असेल हे मी सांगावयास नको. चिलमीच्या तोंडाशी गुंडाळलेली ओली साफी धूर थोडा थंड करते. डांबर, विषारी वायू किंवा जंतू यांपासून ती रक्षण करील, असे समजू नये. दमट जागी साठविलेल्या गांजावर बुरशीही धरते. ज्यांची प्रतिकारशक्ती औषधांमुळे किंवा रोगामुळे खालावलेली आहे, त्यांच्या फुप्फुसात ती बुरशी शिरणे जीवघेणे ठरू शकते.

आपल्याकडील खरा प्रश्न

आतापर्यंत मी जे अभ्यास सांगितले, त्यांतील संशोधकांची सारी धडपड गांजा आणि तंबाखू यांचे परिणाम वेगळे काढण्याची होती. आपल्याकडे मात्र ते वेगळे काढणारा वाचक आणि वेगळे ओढणारा माणूस, दोन्ही दुर्मीळ. माझ्याकडे आलेल्या गांजा ओढणाऱ्या रुग्णांपैकी बहुतेकांनी सिगरेट रिकामी करून तीत गांजा आणि तंबाखू एकत्र भरलेली असे, किंवा चिलमीत दोन्ही असे. "मी सिगरेट ओढत नाही, फक्त गांजा," असे सांगणारा तरुण दिवसाकाठी तंबाखू ओढतच असतो. निकोटिन त्याला हळूहळू बांधून ठेवते, आणि पुढे गांजा सुटला तरी सिगरेट सुटत नाही.

२०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात सुमारे एक कोटी तीस लाख लोक गांजा किंवा चरस घेणारे होते. २०१६-१७ च्या प्रौढांच्या तंबाखू सर्वेक्षणात तंबाखू या ना त्या रूपात वापरणाऱ्यांचे प्रमाण २८.६ टक्के होते. म्हणून समाजाच्या दृष्टीने तंबाखू हाच मोठा मारेकरी आहे, यात संशय नाही. आणि तिच्यातही विडीला सौम्य समजू नये. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतव्यापी अभ्यासात विडी ओढणाऱ्या पुरुषांचे आयुष्य सरासरी सहा वर्षांनी, सिगरेट ओढणाऱ्यांचे दहा वर्षांनी आणि विडी ओढणाऱ्या स्त्रियांचे आठ वर्षांनी घटलेले आढळले.

धुराशिवाय वाफेच्या उपकरणातून टीएचसी घेणे निर्धोक, असाही समज पसरला आहे. २०१९-२० मध्ये अमेरिकेत अशा उपकरणांमुळे फुप्फुसांना इजा होऊन अडीच हजारांहून अधिक लोक रुग्णालयात दाखल झाले आणि अडुसष्ट दगावले. त्यांतील बहुतेकांनी टीएचसी असलेला माल वापरला होता, आणि त्यात मिसळलेल्या ई जीवनसत्त्वाच्या एका संयुगावर मुख्य ठपका आला. नवे उपकरण म्हणजे निर्दोष उपकरण नव्हे, एवढे यातून घ्यावे.

त्या मुलाचे पुढे काय झाले?

माझे "वीस सिगरेटी" आणि "ठरलेला कर्करोग" ऐकून तो मुलगा घरी गेला आणि त्याने वाचन केले. आजची मुले वाचतात. कर्करोगाबाबत पुरावा तसा नाही, हे त्याला चार दिवसांत कळले. वडिलांना तो म्हणाला, "काका मला घाबरवण्यासाठी खोटं बोलले." त्यानंतर तो माझ्याकडे फिरकला नाही. दोन वर्षे त्याला सकाळी खोकला येत होता, जिने चढताना धाप लागत होती, तरी तो कोणाकडेच गेला नाही; कारण डॉक्टर मंडळी वाढवून सांगतात, हे त्याने माझ्यापासून शिकून घेतले होते.

एका रात्री छातीत कळ येऊन त्याचा श्वास कोंडला. क्ष-किरण चित्रात उजवे फुप्फुस आकसून मुठीएवढे झालेले होते. शेंड्यावरचा हवेचा फुगा फुटून हवा छातीच्या पोकळीत भरली होती. नळी घातली, पुढे शस्त्रक्रिया झाली, आणि तो वाचला. हे गांजामुळेच झाले असे मी म्हणणार नाही. उंच, सडपातळ तरुणांत असे फुगे एरवीही होतात, तंबाखूने हा धोका अनेक पटींनी वाढतो, आणि तो दोन्ही एकत्र ओढत असे. एका रुग्णावरून सिद्धांत मांडता येत नाही. मात्र त्याने खाटेवरून मला जे विचारले, ते अद्याप माझ्या कानांत आहे. तो म्हणाला, "काका, तुम्ही कॅन्सर म्हणाला होतात. हे असं होऊ शकतं, हे का नाही सांगितलंत?"

मला उत्तर देता आले नाही. मला जे ठाऊक होते ते मी सांगितले नव्हते, आणि जे ठाऊक नव्हते ते ठणकावून सांगितले होते. त्या दिवशी मी त्याची क्षमा मागितली. त्याने गांजा आणि सिगरेट दोन्ही सोडली. आजही तो वर्षातून एकदा येऊन फुंकर मारून दाखवितो.

पालकांना, शिक्षकांना आणि माझ्या व्यवसायबंधूंना म्हणून माझी हात जोडून विनंती आहे. मुलाने विचारले, तर त्याला असे सांगा : तंबाखू अधिक माणसे मारते, हे निश्चित आहे. गांजाने खोकला आणि कफ होतो, हेही निश्चित आहे. तो फुप्फुस वेगळ्या रीतीने बिघडवितो, याला पुरावा वाढत आहे. कर्करोगाचा निकाल लागावयाचा आहे. दोन्ही एकत्र ओढणे हा सर्वांत वाईट सौदा आहे. आणि दोन आठवड्यांहून अधिक खोकला, धाप किंवा छातीत अचानक कळ आली, तर काय ओढतोस हे न लपविता डॉक्टरकडे ये. तेथे तुला कोणी रागावणार नाही. एवढे सत्य पुरेसे भीतिदायक आहे. त्याला अतिशयोक्तीची जोड दिली, की मुलगा अतिशयोक्तीबरोबर सत्यही फेकून देतो.

सरांनी कापसाचा तो बोळा आम्हा मुलांच्या हाती दिला होता, आणि निष्कर्ष मात्र जपून काढावयास शिकविले होते. ती शिकवण मी एकदा विसरलो, त्याची किंमत दुसऱ्याच्या मुलाने मोजली. आज त्यांच्या स्मृतीसमोर ही कबुली देऊन मी माझी जुनी प्रयोगवही दुरुस्त करीत आहे.